बेलवलकरांकडे वाटायला काहीतरी होतं

रविवारी दुपारी अडीच वाजता काका दाढी करतात. सकाळी वेळ असतो, गरम पाणी असतं, पण नाही, अडीचलाच. चारचा प्रयोग असला की अडीचला घरी दाढी, तीनला नाट्यगृह, सव्वातीनला रंगभूषाकाराच्या पुढ्यात, हा क्रम चाळीस वर्षांत अंगात मुरलाय. खुंट राहिले की रंग नीट बसत नाही. शेवटचा प्रयोग होऊन सहा वर्षं झाली. आता दाढी उरकली की ते चेहऱ्यावर तुरटी फिरवतात, धुवट सदरा चढवतात आणि गॅलरीतल्या खुर्चीत येऊन बसतात. मांडीवर पेपर. त्यातलं नाटकांच्या जाहिरातींचं पान तेवढं वाचतात, हातात बॉलपेन घेऊन. कोणाचे किती प्रयोग लागलेत, कुठलं नाटक उतरलं, कोणाच्या जागी कोण उभं राहिलं. जाहिरातीत न छापलेल्या बदल्यासुद्धा त्यांना कळतात; कशा, ते मला आजवर उमगलेलं नाही.

त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही. मी बरीच वर्षं नाटकांच्या प्रकाशयोजनेत डिमरवर बसलो, तेव्हा विंगेतून त्यांना पाहत आलो. नायक ते कधीच नव्हते. वकील, इन्स्पेक्टर, मुलीचा बाप, दुसऱ्या अंकात येऊन दहा मिनिटांत टाळी घेऊन जाणारा माणूस. अशा माणसांवरच नाटक उभं असतं आणि जाहिरातीत यांची नावं ‘आणि इतर’मध्ये जातात.

आपल्याकडे नटाच्या म्हातारपणाचा विषय निघाला की पहिलं नाव येतं ‘नटसम्राट’ नाटकातल्या अप्पासाहेब बेलवलकरांचं. वि. वा. शिरवाडकरांचं ‘नटसम्राट’ २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदू असोसिएशनने रंगमंचावर आणलं, त्याला अर्धशतक उलटलं. नाटकाच्या थोरवीबद्दल माझा वाद नाही. तक्रार आहे ती आपण प्रेक्षकांनी त्यातून काय उचललं त्याबद्दल. आपण उचललं ते एवढंच की पोरं कृतघ्न निघाली. तेव्हापासून म्हाताऱ्या नटाची कुठलीही हकीकत कानावर आली की आपण आधी त्याच्या मुला-सुनांकडे बघतो. पण बेलवलकर मुळात खाऊनपिऊन सुखी गृहस्थ होते. मानाने निवृत्त झालेले, गाठीला पैसा असलेले. सगळं मुलांना वाटून टाकणं ही त्यांची चूक ठरते, कारण त्यांच्याकडे वाटायला काहीतरी होतं! मी पाहिलेल्या बहुतेक नटांना ती चूक करण्याची ऐपतच नव्हती.

आणखी एक गोष्ट त्या नाटकाच्याच इतिहासात आहे. पहिल्या प्रयोगाला बेलवलकर उभे केले ते डॉ. श्रीराम लागूंनी, आणि तेव्हा त्यांचं वय होतं ४३. त्यात वावगं काही नाही. ती भूमिका इतकी दमसास मागते की सत्तरीच्या माणसाला आठवड्याला चार प्रयोग झेपणं कठीण. म्हणजे रंगभूमीवर म्हाताऱ्या नटाची भूमिकासुद्धा म्हाताऱ्या नटाच्या वाट्याला येईलच असं नाही. हे एकदा कळलं की पुढचं सगळं वेगळं दिसायला लागतं.

माझं म्हणणं साधं आहे. नटाचं एकटेपण हा घरगुती प्रश्न म्हणून मांडला जातो, फार तर स्वभावाचा. मुळात तो कामगारांचा प्रश्न आहे. ज्या धंद्यात रात्रीच्या हिशोबाने पैसे मिळतात त्या धंद्यात काम थांबलं की पैसे तर थांबतातच, माणसंही थांबतात.

‘नाइट’ हा शब्द नाटकाबाहेरच्यांना कदाचित माहीत नसेल. नटाला पगार नसतो, नाइट असते. एका प्रयोगाचे ठरलेले पैसे. प्रयोग झाला तर मिळाले. पावसामुळे रद्द झाला, बुकिंग नाही म्हणून रद्द झाला, मुख्य नटाच्या शूटिंगमुळे रद्द झाला, तर नाही. आज या निर्मात्याचं नाटक, उद्या त्या निर्मात्याचं, परवा दोन्ही एकाच दिवशी. नोकरी कुणाचीच नाही, त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, निवृत्तीची तारीखही नाही. कारकुनाला अठ्ठावन्नाव्या वर्षी निरोपसमारंभ होतो, सगळे चार शब्द बोलतात, दुसऱ्या दिवसापासून काय करायचं नाही हे त्याला ठाऊक असतं. नटाला निवृत्त झाल्याचं कुणी सांगतच नाही. काकांना निर्मात्याचा फोन आला होता. “काका, पुढचा दौरा जरा दगदगीचा आहे, तुम्ही तब्येतीचं बघा, या वेळी नवीन मुलाला नेऊन बघतो.” ‘या वेळी’ हा शब्द त्यांनी खरा धरला. पुढचे कित्येक महिने ते नाटकाची वही रोज वाचत होते, संवाद गंजायला नकोत म्हणून.

त्या फोनच्या आधी काय झालं होतं, तेही सांगायला हवं. एकट्या निर्मात्याला दोष देणं बरोबर नाही. एका प्रयोगात त्यांचे शब्द गेले. दोन पानं गाळून ते थेट पुढच्या प्रसंगात गेले आणि समोरच्या मुलीने सावरून घेतलं. प्रेक्षकांना कळलंही नाही. विंगेत आम्हाला कळलं, आणि त्यांना तर कळलंच. मध्यंतरात ते रंगपटात आरशाकडे पाठ करून बसले होते. पूर्वी विंगेत प्रॉम्प्टर असायचा, हळूच शब्द टाकायचा, त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. पाठांतर हा नटाच्या शरीराचा भाग असतो. गायकाचा गळा तसं नटाचं पाठांतर. ते डळमळायला लागलं की माणूस पहिल्यांदा गर्दी टाळतो. नाटकाच्या बसमध्ये मागच्या सीटवर गप्पांचा फड जमवणारे काका त्यानंतर पुढे ड्रायव्हरच्या मागे बसायला लागले.

एकटेपणाची सुरुवात मात्र त्याच्याही खूप आधीची असते, ऐन भराच्या काळातली. नटाची वेळ जगाच्या उलट चालते. लोकांना सुट्टी असते तेव्हा त्याचं काम असतं: शनिवार, रविवार, दिवाळी, मे महिना. भावाच्या मुलीच्या लग्नाला तो अक्षता पडून गेल्यावर पोचतो किंवा पंगत बसायच्या आत निघतो. रात्री साडेबाराला घरी येऊन गार भात कालवून जेवतो. शेजाऱ्यांशी बोलणं जिन्यातल्या नमस्कारापुरतं. पन्नाशीपर्यंत हे जाणवत नाही, कारण नात्यागोत्याची जागा दौऱ्याने भरून काढलेली असते. बस, लॉज, रात्री उशिराचा चहा, मेकअपरूममधली थट्टा. सगळी माणसं तिथलीच. आणि ती सगळी माणसं नाइटला बांधलेली. तुम्ही नाटकातून बाहेर पडलात की त्यांच्याकडे तुमच्यासाठी वेळ कुठला? ती तर दौऱ्यावर असतात, तुम्ही असायचात तशीच. काका म्हणतात, “मला कुणी विसरलेलं नाही रे, त्यांचे प्रयोग लागलेत.” हे ते खरंच समजुतीने म्हणतात.

जुन्या नाटक मंडळ्यांत ही गोष्ट थोडी वेगळी होती. कंपनी म्हणजे बिऱ्हाड. मुलं लहानपणी कंपनीत यायची, तिथेच जेवायची, तिथेच मोठी व्हायची. तालीममास्तर नावाची एक जागा असे, आणि वयस्क नटाला त्या जागेवर मान आणि दोन वेळचं जेवण मिळायचं. तो सुवर्णकाळ होता असं मी म्हणत नाही. कंपनी कर्जात बुडाली की सगळं बिऱ्हाडच रस्त्यावर यायचं, आणि कंपनीच्या मालकांनाही त्यातून सूट नव्हती. बालगंधर्वांनी वैभवही पाहिलं आणि कर्जही. साठीच्या पुढेही ते स्त्रीभूमिकेत उभे राहत होते, आणि अखेरची वर्षं पायांनी अधू होऊन काढली. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले. पुण्यातलं त्यांच्या नावाचं रंगमंदिर उघडलं २६ जून १९६८ला, त्यांच्या जन्मदिवशी, ते गेल्यानंतर.

विठाबाई नारायणगावकरांचं नाटकाच्या माणसांनी ऐकायला हवं, तमाशा वेगळा म्हणून बाजूला ठेवू नये. दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली ही कलावंत २००२ साली गेली तेव्हा दवाखान्याचं बिल लोकांच्या मदतीतून भागवावं लागलं. पुढे राज्य सरकारने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. पुरस्कार चांगलाच आहे, लाखोंचा आहे. पण क्रम बघा. आधी उपेक्षा, मग मृत्यू, मग पुरस्कार. हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्यात विचित्र काही वाटतच नाही. स्त्रीकलावंतांच्या बाबतीत तर म्हातारपण पुरुषांपेक्षा पंधरा वर्षं आधी सुरू होतं: चाळिशीत आईची भूमिका, पन्नाशीत कामच नाही.

यावर नेहमीचा प्रश्न येतो की नटाने स्वतःच चार पैसे गाठीला बांधायला नकोत का? बांधायला हवेत. काहींनी उडवलेही, दारूत घालवले, तेही खरं. पण जे सुखरूप म्हातारे झाले त्यांच्याकडे जरा नीट बघा. त्यांतले कितीतरी बँकेत होते, विमा कंपनीत होते, पोस्टात, बेस्टमध्ये, मंत्रालयात होते. दिवसा खुर्ची, संध्याकाळी तालीम, रजा साठवून दौरा. साहेबही नाटकवेडा असला की हजेरीचं जमून जायचं. कामगार कल्याणच्या आणि आंतरबँक स्पर्धांतून नटांच्या पिढ्या घडल्या. मराठी रंगभूमीच्या म्हातारपणाची सोय अशी बँकांनी आणि सरकारी कचेऱ्यांनी केली, नाट्यव्यवसायाने नव्हे, हे आपण कधी कबूल केलेलं नाही. आता त्या नोकऱ्या तशा राहिल्या नाहीत. आज तिशीतला मुलगा पूर्णवेळ नट असतो, मालिकेत बारा-बारा तास उभा राहतो, त्याचे पैसे तीन महिन्यांनी येतात आणि नाटक करतो ते हौसेपायी. तो सत्तरीचा होईल तेव्हा त्याच्यामागे बँकेची पेन्शन नसेल. काकांच्या मागेही नव्हती. ते पूर्णवेळ नट होते, त्यांच्या पिढीतल्या थोड्या वेड्यांपैकी एक.

सरकार काही करतच नाही असं मात्र नाही. वृद्ध कलावंतांना मानधन देण्याची राज्याची योजना जुनी आहे. पूर्वी तीत अ, ब, क असे वर्ग होते आणि त्याप्रमाणे रक्कम कमी-जास्त असे. २०२४ पासून सगळ्यांना महिना ५,००० रुपये झाले. नावही मोठं झालं: राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना. जिल्ह्यातून वर्षाला १०० नवे लाभार्थी निवडायचे. उत्पन्नाचा दाखला, कलेचे पुरावे, समिती. काकांनी अर्ज केलेला नाही. पुरावे म्हणून जाहिरातींची कात्रणं मागतात, आणि त्यांचं नाव ‘इतर’मध्ये. शिवाय त्यांना तो शब्दच खटकतो. “मानधन पाहुण्याला देतात. मी काय पाहुणा आहे?”

मला त्यांचं हे म्हणणं नुसतं मानी माणसाचं वाटत नाही. नाइट ही कामाची किंमत आहे आणि मानधन हे देणाऱ्याच्या मनावर असतं. आपण म्हाताऱ्या नटासाठी जे जे करतो ते सगळं दुसऱ्या जातीचं: सत्कार, शाल, श्रीफळ, थैली, मदतीचा प्रयोग. २०२० च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद पडली आणि मधला थोडा काळ सोडला तर २२ ऑक्टोबर २०२१पर्यंत बंदच राहिली, तेव्हाही रंगमंच कामगारांपर्यंत जे पोचलं ते वर्गणीतून, कुणाच्या तरी चांगुलपणातून. चांगुलपणा केला त्यांना नमस्कार. पण शंभर वर्षांहून जुनी नाट्यपरिषद असलेल्या व्यवसायाला पहिल्याच मोठ्या फटक्याला वर्गणी काढावी लागते, हे काही भूषण नव्हे.

गंमत अशी की निधी कसा उभा करायचा हे नाटकवाल्यांना नीट ठाऊक आहे. डॉ. लागू, निळू फुले आणि त्यांच्यासोबतच्या नामवंत नटमंडळींनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभा केला आणि त्यातून पूर्णवेळ सामाजिक कार्यकर्त्यांना दरमहा पैसे मिळू लागले. नटांनी कार्यकर्त्यांच्या पोटाची सोय केली! स्वतःच्या धंद्यातल्या म्हाताऱ्यांसाठी मात्र तशी कायमची सोय झाली नाही.

अशी सोय कशी असावी याचा नमुना शोधायला लांब जायला नको. परदेशात चांगल्या गोष्टी आहेतच. इटलीतल्या व्हेर्दी या ऑपेरा-संगीतकाराने मिलानमध्ये वृद्ध गायक-वादकांसाठी घर बांधलं, आपल्या हयातीत ते उघडू दिलं नाही आणि ऑपेरांचं उत्पन्न त्याच्या नावे केलं. फ्रान्समध्ये वर्षभरात ५०७ तास काम भरलेल्या कलावंताला दोन कामांच्या मधल्या रिकाम्या काळात भत्ता मिळतो. पण मला जास्त जवळचा वाटतो तो आपला माथाडी कायदा, १९६९चा. माथाडीचीही अडचण नटासारखीच होती: आज या व्यापाऱ्याचं पोतं, उद्या त्या व्यापाऱ्याचं, मालक एक नाही म्हणून जबाबदारी कुणाचीच नाही. कायद्याने मंडळ काढलं. व्यापाऱ्याने मजुरी मंडळाकडे भरायची, वर लेव्ही, म्हणजे ठरावीक जादा रक्कम भरायची, आणि मंडळाने त्यातून हमालाचा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजा, औषधपाणी बघायचं. पाठीवर पोतं वाहणाऱ्याला जे पन्नास वर्षांपूर्वी मिळालं ते पाठांतर वाहणाऱ्याला का मिळू नये?

हिशोब अवघड नाही. पाचशे रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही. ती सवलत सरकारने दिलेलीच आहे. त्या तिकिटावर दहा रुपये रंगकर्मी निधीचे धरा. पाचशे तिकिटं गेलेला एक प्रयोग म्हणजे ५,००० रुपये, म्हणजे सरकार एका म्हाताऱ्या कलाकाराला महिन्याला देतं तेवढे. निर्माते म्हणतील, आधीच प्रेक्षक मिळत नाही, त्यात आणखी दहा रुपये? त्यांची बाजू खोटी नाही. नाट्यगृहाचं भाडं, जाहिरातीचा खर्च, बसचं डिझेल, सगळं त्यांच्याच डोक्यावर असतं. पण मध्यंतरातल्या वड्याला प्रेक्षक घासाघीस करत नाही, तो या दहा रुपयांसाठी परत जाईल असं मला वाटत नाही. आणि एकदा प्रत्येक प्रयोगाची नोंद मंडळाकडे झाली की कात्रणांची गरज उरणार नाही. ‘इतर’मधल्या माणसाचेही किती प्रयोग झाले ते कागदावर येईल. पैशाइतकीच मला ही नोंद महत्त्वाची वाटते.

पैशाने एकटेपण जातं असा माझा दावा नाही. पण माणसाला माणसांत ठेवायच्या काही गोष्टी फार स्वस्त असतात आणि त्या आपण करत नाही. बहुतेक नाट्यगृहं महापालिकांची, म्हणजे आपली. त्यांतल्या कितींच्या रंगपटापर्यंत गुडघे दुखणारा माणूस पोचू शकतो? पायऱ्या, कठडा नाही, विंगेत अंधार, स्वच्छतागृह दुसऱ्या टोकाला. सत्तरीचा नट दौऱ्याला नाही म्हणतो तेव्हा दर वेळी शब्द विसरल्यामुळे म्हणत नाही. रात्रभराच्या प्रवासात लघवीला कुठे थांबायचं याची त्याला धास्ती असते. हे कुणी बोलत नाही, कारण नटाने बोलायचं ते राजासारखं.

तालीममास्तराची जागाही परत आणता येईल. नव्या मुलांकडे ऊर्जा आहे, पण शेवटच्या रांगेपर्यंत माइकशिवाय शब्द पोचवणं, टाळी पडल्यावर किती थांबायचं, समोरच्याचं वाक्य ऐकायचं कसं, हे पुस्तकात नाही. ते काकांसारख्यांच्या अंगात आहे आणि रविवारी अडीच वाजता गॅलरीत बसून आहे.

गेल्या पावसाळ्यात ओळखीच्या एका दिग्दर्शिकेला मी त्यांचा नंबर दिला. तिने त्यांना आठवडाभर तालमीला बोलावलं. ते वेळेच्या अर्धा तास आधी जाऊन बसायचे. पहिले तीन दिवस काही बोलले नाहीत. चौथ्या दिवशी एका मुलाला म्हणाले, “तू वाक्य संपवायची घाई करतोयस, बापाला उत्तर द्यायचंय तुला, बस पकडायची नाहीये.” मुलगा हसला, त्याने पुन्हा म्हटलं, आणि तालमीच्या खोलीतल्या सगळ्यांनी मान वर केली. पुढचे तीन दिवस तो मुलगा चहाला त्यांच्या शेजारी बसत होता.

शेवटच्या दिवशी दिग्दर्शिकेने त्यांना पाकीट दिलं. फार नव्हते, तिच्या हातात जेवढे होते तेवढे. पाकिटावर तिने सुबक अक्षरात लिहिलं होतं: ‘मानधन’. काकांनी सदऱ्याच्या खिशातलं बॉलपेन काढलं, तो शब्द खोडला, त्याखाली ‘नाइट’ असं लिहिलं आणि पैसे मोजून घेतले.